सूर्योदयापूर्वीची नोंद

जे पाहिले ते जसेच्या तसे सांगणे हा सत्याचा अर्धा भाग होय. ते केव्हा पाहिले, हे ऐकणाऱ्याला कळेल अशा रीतीने सांगणे हा उरलेला अर्धा. सांगणारा आपल्या परंपरेने काळ मोजतो आणि ऐकणारा आपल्या. दोघेही प्रामाणिक असतात, आणि तरीही त्यांच्यामध्ये एक असत्य जन्माला येऊ शकते. अशा असत्याचे पाप कोणाच्या माथी लागते, हे ठरविणे अवघड आहे. तथापि ज्याला दोन्ही रीती ठाऊक होत्या आणि ज्याने विचारले नाही, त्याला स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. उंबरदऱ्याच्या हर्षदा गुरव हिने ते स्वतःला कधीही म्हणवून घेतले नाही. तिची ही कथा आहे.

उंबरदरा ही सह्याद्रीच्या उतारावरील तीस उंबरठ्यांची वाडी. वाडीच्या माथ्यावर भैरवनाथाचे देऊळ, आणि देवळाच्या मागे दोनशे पावलांवर डोंगराच्या अंगाला पडलेली एक भेग. त्या भेगेच्या दोन काठांवर दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. देवाची पूजा वंशपरंपरेने करणारे बाळकोबा गुरव दुपारचा नैवेद्य होऊन ऊन उतरले की पोलादी टेप घेऊन वर जात, दोन खुंट्यांमधील अंतर मोजत, वहीत वार, वेळ आणि माप लिहीत, आणि देवळाच्या पायरीवर येऊन त्याच तीन गोष्टी फोनमध्ये उच्चारीत. वाडीत फोनला जेमतेम तिथेच संकेत मिळे, म्हणून नोंदीची वेळ फोन आल्याची नव्हे, त्यांनी उच्चारलेलीच धरली जाई. हे काम त्यांच्याकडे नऊ वर्षे होते. खुंट्यांवर बसविलेला स्वयंचलित मापक गेल्या वर्षी विजेने जळाला होता. नवा मंजूर झाला होता, आला नव्हता.

बाळकोबांनी उच्चारलेले माप जिल्ह्याच्या गावी ज्या यंत्राकडे जाई, त्याचे नाव गतिवेध. त्या यंत्राची देखरेख करणारी अधिकारी त्यांचीच कन्या, हर्षदा.

गतिवेधाचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे. वस्तू कोठे आहे हे मोजता येते. ती किती वेगाने सरकते आहे, हे मात्र मोजलेल्या दोन स्थितींमधील अंतराला त्यांच्यामधील काळाने भागून काढावे लागते. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात ग्रहाच्या अशा क्षणोक्षणीच्या गतीला तात्कालिक गती म्हणत. आजचे गणिती या क्रियेला विकलन म्हणतात. नोंदी सारख्या अंतराने घेतलेल्या असतील तर हे काम सोपे. परंतु जगातील नोंदी तशा कधीच नसतात. आजारी मनुष्य दुखेल तेव्हा वैद्याकडे जातो. पुलाची तपासणी अधिकारी फिरकेल तेव्हा होते. उपग्रह बारा दिवसांनी माथ्यावरून जातो, आणि दाट झाडीमुळे त्यांतील काही फेऱ्या वाया जातात. अशा विषम अंतराच्या नोंदींमधून गती काढताना जवळच्या नोंदीला अधिक वजन द्यावे लागते, दूरच्या नोंदीला कमी. गतिवेध लागोपाठच्या तीन तीन नोंदींमधून एक वक्र ओढी आणि मधल्या नोंदीपाशी त्या वक्राचा कल किती हे पाही. एवढ्या एका कौशल्याच्या बळावर पाच वर्षांत ते यंत्र राज्यातील धरणे, पूल, खाणी आणि रुग्णशय्या यांवर पहारा देऊ लागले होते.

डोंगराच्या बाबतीत त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. कोसळणारा उतार अखेरच्या दिवसांत अधिकाधिक वेगाने सरकतो. एक या संख्येला त्या वेगाने भागत गेले, तर येणारे उत्तर रोज लहान होत जाते आणि कागदावर मांडले असता जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरते. ती रेषा जिथे शून्याला टेकते, तो डोंगर कोसळण्याचा क्षण. दिवस नव्हे, क्षण. मनुष्याच्या हाती असे ज्ञान पूर्वी नव्हते.

मात्र या गणितात एक विष आहे. मापातील चूक अंशात बसते, काळातील चूक छेदात. माप दोन मिलिमीटरने चुकले तर उत्तर थोडे हलते. वेळ चुकली तर उत्तर उलटे होऊ शकते.

त्या वर्षी भाद्रपदातील एका बुधवारी दुपारी गतिवेधाने हर्षदापुढे एक प्रश्न ठेवला. उंबरदऱ्याच्या हाताने घेतलेल्या नोंदी आठवडाभर परस्परविरोधी येत होत्या. मंगळवारी पहाटे चार वाजता ४२५ मिलिमीटर, आणि मंगळवारीच दुपारी चार वाजता ४१२. म्हणजे बारा तासांत भेग तेरा मिलिमीटर मिटली. असे पाच वेळा झाले होते. सुटलेला डोंगर माघारी चढत नाही. यंत्राने विचारले होते, हा मोजणीदार वगळावा काय?

हर्षदा बराच वेळ त्या प्रश्नाकडे पाहत राहिली. दोन वर्षांपूर्वी याच यंत्राच्या इशाऱ्यावरून वाडी रिकामी केली होती. सोळा दिवस लोक खालच्या पठारावरील शाळेत राहिले, डोंगर हलला नाही, आणि शाळेच्या थंड फरशीवर एक वृद्ध गृहस्थ न्यूमोनियाने गेले. तेव्हा कार्यालयात कोणीतरी म्हणाले होते, ‘मोजणारा बाप, ठरवणारी लेक.’ ते वाक्य तिने गिळले होते, आणि त्यानंतर एक नियम स्वतःच्या हाताने लिहिला होता. नोंदीची वेळ मागाहून कोणी एकट्याने बदलू नये. वगळलेला मोजणीदार परत घ्यायचा तर तिघांच्या सह्या लागतील. म्हणून त्या बुधवारी वडिलांच्या नोंदींना जराही झुकते माप द्यायचे नाही, या निर्धाराने तिने ‘वगळावा’ यावर बोट ठेवले. उरलेल्या उपग्रहाच्या नोंदींवरून यंत्राने गती काढली. दिवसाला साडेचार मिलिमीटर. धोक्याची मर्यादा दहाची. वाडीच्या चावडीवरील इशाऱ्याचा फलक हिरवाच राहिला, आणि त्याच्या खालच्या ओळीत अक्षरे उमटली: हस्तमोजणी अग्राह्य.

तिने वडिलांना फोन केला.

“आबा, तुमच्या नोंदी उलट्यासुलट्या येताहेत. पहाटेची जास्त, दुपारची कमी. भेग मिटल्यासारखी दिसते.”

“भेग कशी मिटेल? ती काय जखम आहे?”

“तेच म्हणते मी. म्हणजे चूक कुठेतरी आहे. आणि पहाटे कधीपासून जाताय तुम्ही वर?”

“झाले सात-आठ दिवस. दुपारची वाढ बघून जीव राहीना. काकडआरती झाली की विजेरी घेऊन जाऊन येतो. टेप तीच, खुंट्या त्याच, डोळे तेच. मी खोटं लिहितो म्हणतेस?”

“खोटं नाही हो. अग्राह्य.”

“म्हणजे गं काय?”

“म्हणजे... धरायचं नाही.”

मग बाळकोबा म्हणाले, “बरं. देवाच्या दारात एवढी वर्षं उभा आहे, मला धरायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांचा फोन आला. आवाजात धाप होती.

“हर्षू, यंत्रात धरू नकोस, पण ऐकून ठेव. आज दुपारी चारशे बेचाळीस होती. आत्ता चारशे पासष्ट.”

“आज दुपारी? आबा, आज अजून उजाडलंसुद्धा नाही.”

“अगं, बुधवारची दुपार.”

“बुधवार काल झाला.”

“सूर्य उगवू दे. मग होईल काल.”

ती हसली. त्या हसण्याच्या मध्यावरच ती थांबली.

शास्त्रात ज्याला सावन दिन म्हणतात, तो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा. पूजा करणाऱ्या घरात वार मध्यरात्री बदलत नाही. हर्षदाचा स्वतःचा जन्म सोमवारी पहाटे तीनचा. शाळेच्या दाखल्यावर सोमवारची तारीख आणि घरात मात्र ‘आमची हर्षू रविवारची’. लहानपणी याच गोष्टीवरून ती वर्गात रडली होती, आणि आबांनी तिला मांडीवर घेऊन समजावले होते की उजाडल्याशिवाय नवा दिवस कसा होईल, दिवस म्हणजे उजेडच ना? ही रीत जगात कोणाला ठाऊक असायला हवी होती तर तिला.

“आबा, पहाटेचं माप लिहिताना वार कुठला लिहिता?”

“जो असतो तोच. उजाडायच्या आधी मागचाच.”

मंगळवार पहाटेचे ४२५ हे खरे तर बुधवार पहाटेचे होते. दुपारच्या ४१२ नंतरचे, आधीचे नव्हे. तिने पहाटेच्या सगळ्या नोंदी कागदावर चोवीस तास पुढे सरकवल्या. भेग मिटण्याचा चमत्कार नाहीसा झाला. ४१२, ४२५, ४४२, ४६५. गती दिवसाला सव्वीस, मग चौतीस, मग सेहेचाळीस. एकाला त्या गतींनी भागून तिने तीन बिंदू मांडले आणि त्यांच्यावर पट्टी ठेवली. रेषा शुक्रवारी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान शून्याला टेकत होती.

हातात चोवीस तास होते. आदल्या दिवशी दुपारी विचारले असते, तर चाळीस असते.

“आबा,” ती म्हणाली, “वाडी उठवा. उद्या पहाटे डोंगर येतोय.”

“उद्या म्हणजे तुझा की माझा?”

“माझा शुक्रवार. तुमचा गुरुवार संपायच्या आत.”

गाडी चालविता चालविता तिने वरिष्ठांना फोन लावला. इनामदार हे सज्जन आणि सावध गृहस्थ होते.

“हर्षदाबाई, वडिलांच्या नोंदी काल तुम्हीच वगळल्या,” ते म्हणाले. “आज तुम्हीच त्यांच्या वेळा बदलून परत घ्या म्हणता. नियम तुमचाच. मी कोणत्या कागदावर सही करू?”

“नियम चुकला, साहेब. मी चुकले.”

“तुम्ही काल चुकलात की आज चुकताय, हे मला कसं कळावं? समिती तीन वाजता बसवतो. त्याआधी जमणार नाही. गेल्या वेळचा माणूस अजून माझ्या स्वप्नात येतो.”

तो वृद्ध तिच्याही स्वप्नात येत असे.

अकराच्या सुमारास ती वाडीत पोचली, तेव्हा चावडीसमोर माणसे जमली होती आणि बाळकोबा मध्यभागी उभे होते. फलक त्यांच्या डोक्यावर हिरवा चमकत होता.

“काय आबा, टेप लांबली का डोंगर लांबला?” कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

सोनाक्का पुढे आल्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या, वाडीत ज्यांचा शब्द शेवटचा त्या सोनाक्का. “गुरवदादा, राग मानू नका. काल तुमच्याच लेकीनं तुमचं माप खोटं ठरिवलं. पाटीवर लिवलंय. आज ती म्हनती खरं. उद्या काय म्हनंल? आमच्या हणमंताची म्हैस परवा व्यालीया. रेडकू अजून पायावर उभं ऱ्हाईना. त्याला घिऊन आमी पुन्यांदा त्या शाळंत मरायला जायचं?”

“सोनाक्का, चूक माझी होती,” हर्षदा म्हणाली. “आबांचं माप बरोबर होतं. वेळ मी चुकीची वाचली.”

“मग आता बरोबर वाचलीस कशावरनं?”

सोनाक्कांचा मुलगा हणमंत, चाळिशीचा शांत मनुष्य, मागून म्हणाला, “आये, कौल लावू. देवानं उजवा दिला तर जाऊ. माझं काय म्हनणं न्हाई.”

गर्दीने मान डोलावली. टेपवर त्यांचा विश्वास उडाला होता. ती टेप धरणारा हात देवापुढे उभा राहिला की मात्र त्याच हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

उंबरदऱ्यात कौल लावण्याची पद्धत अशी. गुरवाने सोवळ्याने गाभाऱ्यात जाऊन देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि थांबायचे. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात अंधार असतो आणि गुरवाखेरीज कोणी आत जात नाही. कोणती पाकळी पडली हे तो बाहेर येऊन सांगतो, आणि ते पुन्हा कोणी विचारीत नाही.

आत जाण्यापूर्वी हर्षदाने त्यांना सभामंडपाच्या खांबाआड गाठले.

“आबा, डावा आला तर?”

“तर डावा सांगीन.”

“एकशे बेचाळीस माणसं आहेत.”

“हर्षू, तुझं ठरलेलं लग्न होतं. मुलगा मला आवडला होता, तुला तर माझ्याहून. कौल डावा आला. मी डावाच सांगितला. अजून तू एकटी आहेस. आजवरच्या कौलांतला एक जरी मी फिरवला असता, तर आज ही माणसं कौल मागतील का माझ्याकडे?”

एवढे बोलून ते आत गेले.

माणसे मंडपात बसून राहिली. हर्षदाने घड्याळाकडे पाहिले नाही. पुष्कळ वेळाने बाळकोबा उंबरठ्यावर आले. त्यांचा चेहरा पूजेनंतर असतो तसाच होता, फक्त ओठ कोरडे दिसत होते.

“उजवा,” ते म्हणाले. “देव म्हणतो, चला.”

सोनाक्कांनी हात जोडले, पदर खोचला आणि सर्वांआधी त्या उठल्या. मग कोणाला काही सांगावे लागले नाही. दुपारपर्यंत माणसे, शेरडे, गाठोडी आणि धान्याची पिंपे यांची रांग चार कोसांवरील पठाराकडे उतरू लागली. हणमंताच्या म्हशीने मात्र रेडकाला सोडून हलायचे नाकारले, आणि रेडकाला चालता येईना. सोनाक्का त्याला म्हणाल्या, “राहू दे. चारा टाक. मानसं आधी.” त्याने चारा टाकला आणि तो रांगेत शेवटी निघाला. चालताना तो वारंवार मागे पाहत होता.

“आबा, चला,” हर्षदा म्हणाली.

“तू हो पुढे. तुझी समिती बसायची आहे ना तीनला? तिला ताजं माप लागेल. चारचं घेतो, आठचं घेतो आणि उतरतो.”

“माप नको मला. तुम्ही हवे.”

“काल माप नको होतं, आज पुन्हा नको?” ते हसून म्हणाले. त्या विनोदात राग नव्हता, आणि म्हणूनच तो तिला अधिक लागला. “देवाला एकटं टाकून गुरव कधी गेलाय का? सांजआरती करतो आणि येतो. जा. लोकांना शाळेत ओळखीचं माणूस लागेल.”

आणि ती गेली. पुढे अनेक वर्षे ती स्वतःला विचारीत राहिली की आपण का गेलो. त्या वेळी तिला एवढेच दिसत होते की शाळेच्या पटांगणात दिवा, पाणी आणि सतरंज्या हव्यात, समितीला उत्तरे हवीत, आणि आबांनी आजवर दिलेला शब्द कधी मोडलेला नाही.

चार वाजता नोंद आली. ५०४. समितीने साडेपाचला सह्या केल्या आणि रिकाम्या चावडीवरचा फलक लाल झाला. आठ वाजता नोंद आली. ५२६. गतिवेधाने क्षण वर्तविला, पहाटे चार वाजून बावन्न मिनिटे. हर्षदाने फोन केला. आबांनी उचलला नाही. तिने वर जायला गाडी काढली, तेव्हा रस्त्याला तडे गेल्यामुळे पोलिसांनी तो दोरी लावून बंद केला होता. तिने भांडून पाहिले, विनवून पाहिले. हवालदार वयाने तिच्या वडिलांएवढा होता. तो म्हणाला, “ताई, हा रस्ता तुमच्याच यंत्रानं बंद केलाय.”

मध्यरात्रीनंतर केव्हातरी सोनाक्कांच्या लक्षात आले की हणमंताची सतरंजी रिकामी आहे. त्याला पोलिसांच्या दोरीची अडचण नव्हती. लहानपणापासूनची पायवाट होती.

पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांनी हर्षदाच्या फोनवर अखेरची नोंद उमटली. बाळकोबांचाच उच्चार यंत्राने अक्षरांत उतरविला होता:

‘वार गुरुवार. तुझा शुक्रवार. पहाटे तीन वाजून दहा मिनिटे. सहाशे सतरा मिलिमीटर. शेरा: कौल डावा होता. मी उजवा सांगितला. ज्याच्या नावाने खोटे बोललो, त्याच्याजवळ बसतो आहे. ही नोंद खरी.’

डोंगर चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी आला. पठारावरील माणसांना तो दिसला नाही. त्यांच्या पायांखालची जमीन फक्त एकदा खोल श्वास घेतल्यासारखी हलली, आणि सगळी कुत्री एकदम गप्प झाली. उजाडल्यावर पाहिले तो देऊळ नव्हते, चावडी नव्हती, तीस उंबरठ्यांपैकी एकही नव्हता. हणमंत तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या खांद्यावर रेडकू होते. बाळकोबा सापडले नाहीत.

चौकशी झाली. एकशे बेचाळिसांपैकी एकशे चाळीस वाचले, हे यंत्राचे यश म्हणून कागदावर आले. अहवालाबरोबर मूळ नोंदी जशाच्या तशा प्रसिद्ध करण्याची पद्धत होती. इनामदारांनी हर्षदाला बोलावून, दार लोटून घेऊन, हळू आवाजात म्हटले, “त्यांचा तो शेवटचा शेरा गाळू या. नोंद म्हणजे वार, वेळ आणि माप. शेरा कशाला? वाडीचे लोक त्या कौलाच्या आधाराने उभे आहेत. आणि तुमच्या वडिलांचं नाव...”

“साहेब,” हर्षदा म्हणाली, “त्यांची नोंद मी एकदा वगळली आहे. दुसऱ्यांदा नाही.”

त्याच नोंदीखाली तिने आपला शेरा लिहिला. मोजणीदाराने माप आणि काळ दोन्ही खरे सांगितले होते. त्याची कालगणना मला जन्मापासून ठाऊक होती. मी विचारले नाही. सही, हर्षदा बाळकोबा गुरव.

अहवाल बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी ती पठारावर गेली. पत्र्याच्या नव्या घरांच्या ओळीत सोनाक्का चुलीपुढे बसल्या होत्या. हर्षदाने त्यांना ती नोंद वाचून दाखविली. वाचताना ‘तुझा शुक्रवार’ या शब्दांपाशी ती अडली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

सोनाक्कांनी भाकरी तव्यावर उलटली. “म्हंजी देव आमाला जाऊ नका म्हनत हुता?”

“हो.”

“आन् गुरवदादा जा म्हनाला.”

“हो.”

“त्यानं हे बाकी कुनाला सांगितलं?”

“कुणालाच नाही. नोंदीत लिहिलं.”

त्यांनी चुलीतील लाकूड पुढे सारले. मग त्या म्हणाल्या, “मानूस जन्मभर खरं बोलतो ते कशापायी, तर एक डाव खोटं बोलला तर लोकांनी ऐकावं. आसंल. देवाचं देव जानं. ते पुसू नगंस. आमच्या नातवंडास्नी वाचू दे.” त्यांनी भाकरी निखाऱ्यावर उभी केली. “बुधवारी सांगितलं आसतंस, तर ते रेडकू चार मानसांनी झोळीत घालून आनलं आसतं. माझा हणमंत वर गेला नसता.”

“हो,” हर्षदा म्हणाली.

“तुला मी माफ न्हाई करायची.”

“नका करू.”

सोनाक्कांनी ताट पुढे सरकविले. “पन जेवून जा. तुझा बा रोज इचारायचा फोनवर, जेवलीस का म्हनून. पायरीवरनं आमाला समद्यास्नी ऐकू यायचं.”

हर्षदा जेवली. पुढे तिने गतिवेधाच्या प्रत्येक मोजणीदाराला एक प्रश्न विचारायला लावला, जो त्याआधी कोणी विचारला नव्हता: तुमच्याकडे दिवस केव्हा सुरू होतो? कोणी सूर्योदय सांगितला, कोणी सूर्यास्त, कोणी मध्यरात्र, आणि एका कोळ्याने भरतीची वेळ सांगितली. यंत्र आता ती सगळी उत्तरे जपून ठेवते.

ज्याने खरे मोजले आणि एकदाच खोटे बोलला, त्याला त्याच्या देवाच्या सन्निध शांती लाभो. ज्याने मुक्या जीवासाठी पाऊल मागे वळविले, त्याच्या खांद्यावरचे ओझे हलके होवो. ज्या मातेने क्षमा नाकारली आणि अन्न नाकारले नाही, तिची चूल विझू नये. आणि ज्या कन्येने विचारायला एक दिवस उशीर केला, तिला यापुढची प्रत्येक पहाट वेळेवर भेटो.